विश्लेषण : द्रोणागिरीच्या पाणजे पाणथळीत पाणी किती हवे? पक्ष्यांचे गणित भरती-ओहोटीवर का अवलंबून?

उरण तालुक्यातील पाणजे पाणथळ गेल्या काही वर्षांत दरवर्षी एकाच कारणाने चर्चेत येते. भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग बंद झाले, पाणथळ कोरडी पडली, पक्षी फिरकले नाहीत, अशा तक्रारी होतात. काही दिवसांनी पाणी पुन्हा दिसते आणि पक्षीही परततात. हा वाद फक्त फ्लेमिंगोंपुरता नाही. द्रोणागिरी नोडमधून पावसाचे पाणी बाहेर कसे जाते, आजूबाजूच्या गावांत उधाणाचे पाणी का शिरते, साडेबारा टक्के योजनेतील भूखंड कुठे मिळणार, असे अनेक प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. या सगळ्यांच्या मुळाशी पाण्याची पातळी हा एकच मुद्दा आहे.

पाणजे नेमके कुठे आहे?

उरणजवळच्या करंजा परिसरातील द्रोणागिरी डोंगरावरून सिडकोने आपल्या नोडला नाव दिले. या नोडच्या पश्चिम अंगाला पाणजे, डोंगरी, फुंडे ही गावे आणि त्यांच्यालगत खाडीला जोडलेला सपाट, खोलगट भाग आहे. पाणजे पाणथळ म्हणून ओळखला जाणारा हा भाग सुमारे २८९ हेक्टरचा आहे. जवळच भेंडखळ आणि बेलपाडा या आणखी दोन पाणथळी होत्या. ‘होत्या’ असे म्हणायचे कारण, तिथे मोठ्या प्रमाणावर भराव झाला आहे. त्यामुळे पाणजेवरचा भार वाढला.

सिडकोच्या नकाशावर मात्र पाणजे या नावाची पाणथळ दिसत नाही. तिथे द्रोणागिरीचे सेक्टर १६ ते २८ दिसतात. ही जमीन सिडकोने नवी मुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या, म्हणजे सेझच्या कंपनीला भाडेपट्ट्याने दिली आहे. या कंपनीत सिडकोचा २६ टक्के हिस्सा आहे. म्हणजे कागदावर ते औद्योगिक वापराचे भूखंड आहेत आणि प्रत्यक्षात तिथे शेकाट्या, शराटी आणि रोहित उभे असतात. पुढचे सगळे वाद या विसंगतीतून निघतात.

पक्ष्यांना भरतीच्या वेळी आत का यावे लागते?

ठाणे खाडी, शिवडी, न्हावा-शेवा हा सगळा किनारा चिखलाचा आहे. ओहोटीला पाणी मागे सरले की हा चिखल उघडा पडतो. त्यातले किडे, कृमी, बारीक शिंपले हे चिखल्या, टिलवे, पाणटिवळे या पक्ष्यांचे अन्न. लहान रोहित म्हणजे लेसर फ्लेमिंगो मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातो. चोच उलटी करून पाणी गाळायचे आणि शेवाळ आत ठेवायचे, ही त्याची पद्धत. मोठा रोहित शेवाळाबरोबर बारीक जीवही खातो.

मुंबईच्या किनाऱ्यावर साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीची उंची साडेचार मीटरच्या आसपास आणि कधी त्याहून वर जाते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, ती बरीच कमी असते. पण भरती कोणतीही असो, ती चढली की चिखल पाण्याखाली जातो आणि तिथे पक्ष्यांना उभे राहता येत नाही. रोहित पोहू शकतो, पण तासन्‌तास पोहत राहणे त्याला परवडत नाही. टिलव्यासारख्या चिमणीएवढ्या पक्ष्याला तर तोही पर्याय नाही.

म्हणून हे पक्षी भरतीच्या काळात किनाऱ्याच्या आतल्या उथळ पाणथळीत येऊन थांबतात. तिथे विश्रांती घेतात, पिसे साफ करतात, जमेल तेवढे खातात आणि पाणी ओसरू लागले की पुन्हा खाडीवर जातात. खाडी ही पक्ष्यांची खाणावळ मानली तर पाणजे, भेंडखळ, बेलपाडा, नेरूळच्या एनआरआय संकुलाजवळची पाणथळ, टीएस चाणक्यची पाणथळ आणि भांडुप उदंचन केंद्राचा परिसर या त्यांच्या ओसऱ्या आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (बीएनएचएस) या सहा जागांना ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या ‘उपग्रह पाणथळी’ मानून त्यांच्या व्यवस्थापनाचा आराखडा मांडला. त्यामागचा तर्क हाच होता. २०२२ मध्ये बीएनएचएसने सहा रोहितांना जीपीएस टॅगही बसवले होते. पक्षी कुठे चरतात, कुठे थांबतात आणि हंगाम संपल्यावर कुठे जातात हे त्यातून कळू लागले. टॅग लावलेले पक्षी पुढे गुजरातेत पोहोचल्याचे दिसले.

थांबायला जागा नसेल तर पक्षी हवेत घिरट्या घालत राहतात किंवा दूरच्या जागी जातात. दिवसातून दोनदा असे झाले की दिवसभर खाऊन साठवलेली ऊर्जा उडण्यातच खर्च होते. हे नुकसान एका दिवसात दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये सायबेरियाकडे हजारो किलोमीटर उडायच्या तयारीत असलेल्या चिखल्याच्या अंगावर पुरेशी चरबी नसेल तर तो वाटेत कुठेतरी पडतो आणि त्याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही.

पाणी जास्त असले तर चालत नाही का?

नाही, आणि इथेच सर्वसाधारण समजुतीत गडबड होते. पाणथळ म्हणजे भरपूर पाणी असे अनेकांना वाटते. पक्ष्यांच्या दृष्टीने पाण्याची खोली त्यांच्या पायांच्या लांबीवर ठरते. मोठा रोहित सव्वा ते दीड मीटर उंच असतो, लहान रोहित ८० ते ९० सेंटिमीटर. गुडघाभर पाण्यात ते आरामात उभे राहतात. शेकाट्याचे पाय लांब असले तरी त्याला वीतभर पाणी पुरे. टिलव्याला दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे पाणी नको. चिखल्यांना तर ओला चिखल आणि त्यावर पाण्याचा पातळ थर एवढेच पुरते.

म्हणजे एकाच पाणथळीत सगळे पक्षी हवे असतील तर तळ असमान हवा आणि पाणी हलते हवे. कुठे फूटभर, कुठे इंचभर, कुठे नुसता ओलावा. भरतीचे पाणी मोकळेपणाने आत-बाहेर करत असेल तर हे आपोआप होते. पाणी अडवून तळे तुडुंब भरले तर रोहितही उथळ कडेला सरकतात आणि लहान पक्षी निघून जातात. मग बदके आणि पाणकावळे दिसतात, पण ती वेगळी पाणथळ झाली.

दुसऱ्या टोकाला, पाणी येणे थांबले तर काय होते याचा हिशेब सोपा आहे. उन्हाळ्यात किनारपट्टीवर उघड्या उथळ पाण्याचे दिवसाला साधारण अर्धा सेंटिमीटर बाष्पीभवन होते. दहा सेंटिमीटर खोलीचे पाणी नव्याने भरले नाही तर सुमारे तीन आठवड्यांत नाहीसे होते. त्याआधीच क्षार वाढतात, शेवाळाचा प्रकार बदलतो, मासे मरतात, कुत्री थेट पक्ष्यांपर्यंत पोहोचू लागतात. कोरड्या पडलेल्या पाणजेत गवताला आगी लागण्याच्या घटनाही घडल्या आहेत. पाणथळीत वणवा पेटतो हे वाक्य लिहायलाही विचित्र वाटते.

पाणी आत येते कसे आणि थांबते कसे?

उरण-पनवेल पट्ट्यातील खारजमिनीची शेती पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या बांधांवर उभी होती. खाडीच्या बाजूला बांध घालायचा आणि त्यात उघाडी ठेवायची. भरतीच्या दाबाने उघाडीची झडप बंद होते, ओहोटीला आतले पाणी झडप ढकलून बाहेर पडते. मीठ पिकवायचे किंवा मासळी घ्यायची असेल तर तीच उघाडी उलटी वापरायची, म्हणजे भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि अडवायचे. आज जिथे पक्षी दिसतात त्यातल्या अनेक जागा अशा मानवी हस्तक्षेपातून घडल्या आहेत. त्या शंभर टक्के ‘नैसर्गिक’ आहेत असा दावा करायची गरज नाही.

सिडकोने नवी मुंबई वसवताना हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. त्यामुळे ‘डच पद्धती’ने धारण तलाव बांधले गेले. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर नाल्यांचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही. त्या चार-सहा तासांत ते धारण तलावात साठते आणि ओहोटी लागली की झडपांतून बाहेर जाते.

या साठवणुकीचे मोल आकड्यांत पाहता येते. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० लाख लिटर पाणी होते. पाणजेच्या २८९ हेक्टरांवर सरासरी एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर पाणी साठले असे धरले तर ते सुमारे ८६ कोटी ७० लाख लिटर होते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचे तर ८६,७०० टँकर. हा भाग भरावाने उंच केला तर एवढे पाणी दुसरीकडे जागा शोधेल. आणि पाण्याला जागा शोधण्यासाठी भूसंपादनाची नोटीस काढावी लागत नाही.

तांत्रिकदृष्ट्या आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मोकळी खाडी आणि पाणथळ यांच्यामध्ये रुंद तोंड असेल तर आतले पाणी बाहेरच्या बरोबरीने चढते-उतरते. रस्त्याखालून दोन-चार नळ टाकून काम भागवले तर आत पाणी उशिरा पोहोचते आणि पूर्ण चढण्याआधीच बाहेर ओहोटी लागते. नळाचा तळ उंच ठेवला असेल तर भांगाच्या दिवसांत पाणी त्याच्या ओठापर्यंतही येत नाही, फक्त उधाणाला आत शिरते. त्यामुळे ‘प्रवाह बंद केलेला नाही, नळ तसेच आहेत’ हे विधान खरे असूनही पाणथळ सुकू शकते. प्रश्न नळ आहेत की नाहीत हा नसतो. ते किती रुंद आहेत, किती खोलीवर आहेत आणि गाळाने किती भरले आहेत, हा असतो.

धारण तलाव की पाणथळ?

पाणजे ही पाणथळ नसून धारण तलाव आहे, अशी सिडकोची बाजू राहिली आहे. पर्यावरण संस्थांचे म्हणणे उलट आहे. हा शब्दांचा खेळ वाटला तरी त्यावर कायद्याचे संरक्षण अवलंबून आहे.

२६ सप्टेंबर २०१७ रोजी अधिसूचित झालेल्या पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांत पाणथळीची व्याख्या व्यापक आहे. नैसर्गिक वा कृत्रिम, कायम वा तात्पुरते, गोडे वा खारे, सगळे त्यात येते. त्यातून काही गोष्टी वगळल्या आहेत. नदीचे पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि मत्स्यशेती, मीठ, मनोरंजन, सिंचन यांसाठी खास उभारलेल्या रचना. पूरनियंत्रणासाठीचा धारण तलाव या यादीत नावाने नाही. त्यामुळे ‘धारण तलाव आहे म्हणून पाणथळ नाही’ हा युक्तिवाद या व्याख्येतून सहज निघत नाही.

पण एक पळवाट आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्रात किंवा वन कायद्यांखाली येणाऱ्या पाणथळींना हे नियम लागू होत नाहीत, कारण त्यांना दुसरा कायदा आधीच संरक्षण देतो असे गृहीत धरले आहे. किनाऱ्यावरच्या पाणथळींची अडचण अशी की त्यांच्यासाठी एका खात्याकडे गेले की ते दुसऱ्याकडे बोट दाखवते.

न्यायालयांचा कल संरक्षणाकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये देशातील २,०१,५०३ पाणथळींना नियमांच्या तत्त्वांनुसार संरक्षण देण्याचे आदेश दिले. या जागा इस्रोच्या नकाशातून आलेल्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राज्यांना पाणथळींची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी आणि सीमांकन पूर्ण करण्यास सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांची तोड हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि कांदळवनांभोवतीचा ५० मीटरचा पट्टा राखण्याचा मुद्दा अधोरेखित केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सीवूड्स येथील पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि निवासी प्रकल्पाचा मार्ग मोकळा करणारा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

पाणजेबाबत २०२० मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाने आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या पाणथळ तक्रार समितीने भरतीचा प्रवाह सुरळीत ठेवण्याच्या बाजूने भूमिका घेतली होती. तरीही तक्रारी थांबल्या नाहीत. आदेश ‘प्रवाह सुरू ठेवा’ असा असतो. तो किती ठेवायचा, कोणी मोजायचा आणि कोणत्या महिन्यात किती पातळी अपेक्षित आहे हे ठरवलेले नसले तर आदेश पाळला की मोडला हे सांगणार कसे?

अभयारण्य आणि रामसरचा दर्जा पाणजेला लागू नाही का?

नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये अधिसूचित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर हे राज्यातील तिसरे रामसर स्थळ असून त्याचे क्षेत्र ६,५२१ हेक्टर आहे. उरणच्या पाणथळी या रेषेबाहेर आहेत. पक्ष्यांना अर्थातच रेषा माहीत नाही. खाडीत चरण्याची जागा सुरक्षित आणि भरतीत थांबण्याची जागा बेवारस, अशी ही अर्धी व्यवस्था आहे.

नेरूळच्या डीपीएस तलावात काय घडले?

पाण्याची पातळी बिघडली की काय होते याचे जवळचे उदाहरण नेरूळमध्ये आहे. दिल्ली पब्लिक स्कूलमागील सुमारे ३० एकरांच्या तलावात दरवर्षी रोहित उतरतात. नेरूळच्या प्रवासी जेट्टीच्या कामाच्या परिसरात भरतीचा मार्ग अडल्याने हा तलाव २०२४ च्या उन्हाळ्यात कोरडा पडत गेला. एप्रिल-मेमध्ये दहाहून अधिक रोहित मृत किंवा जखमी सापडले. त्याआधी जेट्टीजवळच्या फलकावर आदळून पक्षी मेल्याचा प्रकार घडला होता आणि तो फलक हटवावा लागला होता. २० मे २०२४ रोजी घाटकोपर परिसरात विमानाच्या धडकेने सुमारे ४० रोहितांचा मृत्यू झाला आणि या विषयाकडे देशाचे लक्ष गेले.

सरकारने समिती नेमली. भरतीचा मार्ग मोकळा करण्याची शिफारस झाली, पाणी आत येऊ लागले आणि पुढच्या हंगामात पक्षी परतल्याच्या नोंदी झाल्या. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय घेतला. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ मधील दुरुस्तीने आलेला हा दर्जा सरकारी मालकीच्या जमिनीला देता येतो आणि त्यासाठी अभयारण्याइतके कडक निर्बंध लागत नाहीत. डीपीएस तलाव जेमतेम १२ हेक्टरचा आहे. पाणजे त्याच्या सुमारे चोवीस पट. जे तिथे जमले ते इथेही जमावे, असे पर्यावरण संस्थांचे म्हणणे आहे. फरक एवढाच की इथे जमीन भाडेपट्ट्याने दिलेली आहे.

स्थानिकांचे काय?

उरणमध्ये पाणथळीचा विषय निघाला की ‘पक्ष्यांना जागा आहे, आम्हाला नाही’ हे वाक्य ऐकू येते आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. सिडकोसाठी या भागातील गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. द्रोणागिरी नोडमध्ये या योजनेतील अनेक भूखंड कांदळवन आणि किनारा नियमन क्षेत्राच्या अडथळ्यांत अडकले. ज्याच्या वाट्याचा भूखंड नकाशावर आहे आणि जमिनीवर पाण्यात आहे, त्याला पाणथळ संवर्धनाबद्दल प्रेम वाटावे ही अपेक्षा फार आहे. पण भूखंड देणाऱ्या यंत्रणेने मुळात भरतीच्या जागेवर सेक्टर आखले, ही चूक पक्ष्यांची नाही आणि प्रकल्पग्रस्तांचीही नाही.

मच्छीमारांचा अनुभव वेगळा आहे. खाडीचे प्रवाह अडले की मासळी घटते हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. जेएनपीटीच्या कामांमुळे कांदळवने आणि भरतीच्या प्रवाहाला झालेल्या नुकसानीवरून राष्ट्रीय हरित लवादाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको यांनी ती विभागून द्यायची होती. उरण, हनुमान, बेलपाडा आणि गव्हाण या कोळीवाड्यांतील ही कुटुंबे. अडवलेल्या भरतीची किंमत रुपयांत मांडली गेल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

शिवाय पुराचा प्रश्न आहेच. भराव वाढला तशा उधाणाचे पाणी गावात आणि शेतात शिरण्याच्या तक्रारी उरणमध्ये वाढल्या.

विमानतळाशी याचा संबंध कसा?

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. भरतीत थांबायच्या जागा नष्ट झाल्या तर पक्षी दुसरी सपाट, मोकळी, ओली जागा शोधतील आणि ती विमानतळाच्या परिसरात असू शकते, असा इशारा बीएनएचएसने त्याच्या बऱ्याच आधी दिला होता. पक्षी विमानतळापासून दूर ठेवायचे तर त्यांच्या जुन्या जागा शाबूत ठेवणे हा स्वस्त उपाय आहे.

इतर ठिकाणी पातळी कशी सांभाळतात?

या प्रश्नाचे सर्वात जवळचे उत्तर हाँगकाँगच्या माय पो राखीव क्षेत्रात मिळते. तिथेही समोर शेन्झेनच्या टोलेजंग इमारती, मध्ये चिखलाची खाडी आणि किनाऱ्यावर जुनी कोळंबी तळी. या तळ्यांना ‘गेई वाई’ म्हणतात. प्रत्येकाला खाडीच्या बाजूने एक झडप असते, आपल्या उघाडीसारखीच. १९८३ पासून डब्ल्यूडब्ल्यूएफ हे क्षेत्र सांभाळते. हिवाळ्यात ठरावीक तळी आळीपाळीने उपसली जातात. पाणी उतरते तसे बगळे, चमचे आणि किनारी पक्षी तिथे जमतात. एक तळे खास भरतीच्या विश्रांतीसाठी उथळ ठेवतात. कोणत्या महिन्यात कोणत्या तळ्यात किती पाणी, याचे वेळापत्रक असते. माय पो आणि आसपासची खाडी १९९५ पासून रामसर स्थळ आहे. ‘मानवनिर्मित’ असणे तिथे आड आले नाही.

महाराष्ट्रातही उदाहरणे आहेत, फक्त ती ठरवून केलेली नाहीत. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा नांदूर मध्यमेश्वर बंधारा सिंचनासाठी ब्रिटिशकाळात बांधला गेला. गाळ साचला, उथळ पाणी झाले आणि ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ तयार झाले. तिथली पातळी आवर्तनांवर ठरते. कालव्याला पाणी सोडले की ती उतरते, वरच्या धरणांतून पाणी आले की चढते. भिगवणला रोहित केव्हा जवळून दिसणार हे उजनीतील साठा किती उतरला यावर असते. आणि खुद्द भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाने वरच्या अंगाच्या पांचना धरणामुळे पाणी तोडल्यावर काय होते हे अनेक वर्षे भोगले आहे.

पाणजेत यापैकी काहीच नवीन करायचे नाही. उघाड्या आहेत, भरती रोज दोनदा फुकट येते. पावसाळ्यात धारण तलाव म्हणून पातळी खाली ठेवणे आणि ऑक्टोबर ते मे पक्ष्यांसाठी उथळ पाणी ठेवणे, या दोन गरजा एकमेकींच्या आड येत नाहीत, कारण त्या वेगवेगळ्या ऋतूंत आहेत. त्यासाठी आत पातळी दाखवणाऱ्या मोजपट्ट्या आणि झडपा कोण कधी उघडणार याचे जाहीर वेळापत्रक लागेल.

पक्षी पाहायला कधी जावे?

पक्षीनिरीक्षकांना अडवल्याच्या तक्रारी पाणजेत झाल्या आहेत. त्यामुळे आत शिरण्याचा आग्रह न धरता सार्वजनिक रस्त्यावरून पाहणे शहाणपणाचे. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत लोकल सुरू झाल्याने पोहोचणे सोपे झाले आहे.

वेळ ठरवायला कोकणातला जुना ठोकताळा उपयोगी पडतो. तिथीला तीनने गुणून चारने भागायचे, येईल तो पूर्ण भरतीचा तास. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. सकाळी तोच आणि संध्याकाळी किंवा रात्रीही साधारण तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून अधिकृत भरतीचे कोष्टकही पाहावे. पाणजेत पक्षी भरतीच्या वेळी येतात, तेव्हा दशमी ते त्रयोदशीच्या सकाळी चांगल्या. शिवडीला मात्र उलट, तिथे ओहोटी हवी. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राच्या बोटीही पाण्याची वेळ पाहूनच सुटतात.

नोंद करताना पक्ष्यांच्या संख्येबरोबर भरतीची वेळ, पाणी आत येत होते की नाही आणि उघडा चिखल किती होता हेही लिहिले तर ती नोंद पुढे कामाची ठरते. ‘पाणजेत आज पक्षी नव्हते’ या नोंदीतून काही सिद्ध होत नाही. ‘उधाणाच्या दिवशी, पूर्ण भरतीला, तळ कोरडा होता’ ही नोंद तक्रार समितीपुढे ठेवता येते.